कापसाच्या दगडावरची धूळ

याकूब बुबेरे यांचं पत्र आलं त्या दिवशी कान्हा भोईरांनी ते आधी दारात उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, आणि चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले होते. उत्तर काही गेलं नव्हतं.

पत्र मोठं नव्हतं. 'कान्हा, खोपोलीचं दुकान विकलं. कामरानकडे पुण्याला राहायला चाललोय. घर सातव्या मजल्यावर आहे, आणि माझे दगड तिथे मावायचे नाहीत. बरेचसे वाटून टाकले. उरलेल्यांतले निवडक चार तुझ्याकडे पाठवतोय. पांढरा कापसाचा दगड खोक्यात वेगळा बांधलाय. त्याची निगा कशी राखायची हे तूच मला वाचून दाखवलं होतंस, म्हणून मी तुला सांगायला नको. कसे आहेत ते कळवत जा.'

कान्हा भोईर म्हणजे कर्जतच्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल. सगळी नोकरी त्यांनी पुस्तकांच्या कपाटांमागे काढली, आणि पुस्तकं मागायला येणाऱ्या माणसांशी बोलतानाही त्यांची नजर पुस्तकांवरच असायची. अशा माणसाची याकूबभाईंशी मैत्री झाली ती दगडांमुळे. याकूबभाईंचं हार्डवेअरचं दुकान होतं. आपल्याकडचा काळा कातळ वरून घट्ट दिसतो, पण आत त्याला पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांमध्ये स्फटिक वाढलेले असतात. कुठे विहीर खणली, घाटात बोगद्याचं काम निघालं, खडीच्या खाणीत सुरुंग उडाला, की ते उघडे पडतात. खोदकामाची माणसं पहारी-फावडी घ्यायला दुकानात यायची, आणि शेठ नादिष्ट आहे हे ठाऊक असल्यामुळे येताना एखादा दगड घेऊन यायची.

या दगडांवर मराठीत एखादं पुस्तक आहे का, हे विचारायला याकूबभाई पहिल्यांदा वाचनालयात आले. नव्हतं. कान्हाभाऊंनी ओळखीतून मुंबईहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवलं. मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं वाचनालयाच्या ओट्यावर बसायचे. कान्हाभाऊ वाचून मराठीत सांगायचे, याकूबभाई टॉवेलात गुंडाळून आणलेला दगड चित्राशेजारी धरायचे. हा कॅल्साइट, याला लिंबू-चिंचेचं काही लागू द्यायचं नाही. हा हिरवट, काचेसारखा, याला गरम पाणी सोसत नाही. हे असं कितीतरी वर्षं चाललं. कान्हाभाऊंच्या आयुष्यात कुणी त्यांचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

म्हणूनच उत्तर लिहिणं अवघड झालं. नुसतं 'आभारी आहे' लिहावं तर ते लग्नपत्रिकेतल्यासारखं वाटे. दोन पानं लिहावीत तर आपणच आपलं भाषण वाचतोय असं वाटे. शिवाय मनात एक टोचणी होती. इतका जपलेला दगड त्यांनी आपल्यासारख्या माणसाला का दिला? साधा खिळा ठोकायचा तर आपण अंगठा सुजवून घेतो. कान्हाभाऊ लिहीत आणि फाडत. मग उशीर झाला, आणि उशिराबद्दलही काही लिहावं लागणार म्हणून आणखी उशीर झाला. ईदेला याकूबभाईंचा फोन येई, तब्येतीची विचारपूस होई, पत्राचा विषय दोघंही काढत नसत.

मार्गशीर्ष लागला तेव्हा पुन्हा फोन आला.

"कान्हा, तौकीरचं लगीन हाय खोपोलीत. माझा पुतण्या रं. रविवारी जाताना वाट वाकडी करून तुझ्याकडं येतो दोन घटका. सफुरा पण हाय."

"या, या. जरूर या."

"दगड बरे हायत ना?"

"हो. म्हणजे, आहेत."

फोन ठेवून कान्हाभाऊ कपाटाच्या फळीपाशी गेले. कर्जतच्या दहिवलीतल्या त्यांच्या घरासमोरचा रस्ता दिवाळीपासून सिमेंटचा होत होता. दिवसभर गाड्या, खडी, भुकटी. हर्षदला, म्हणजे मुलाला, दगडांसाठी काचेची पेटी करून आण असं सांगायचं त्यांनी कितीदा ठरवलं होतं, पण तो खोपोलीच्या कारखान्यातून दमून येई आणि त्याच्यासमोर पेटीचं काढायला यांचा धीर होत नसे. आता चारही दगडांवर राखेसारखा थर होता. काळ्या कातळाच्या वाटीत बसलेला तो पांढरा गोळा, ज्याला पुस्तकात ओकेनाइट म्हणतात आणि याकूबभाई कापूस म्हणत, तो पांढरा राहिलाच नव्हता. त्याचे तंतू केसाहूनही बारीक. पाणी लागलं की ओल्या मांजरीच्या अंगावरच्या केसांसारखे ते एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर पुन्हा कधी सुटे होत नाहीत. बोट लावलं तर दबतात, ते दबलेलेच राहतात.

रविवारी याकूबभाई हाच दगड आधी बघणार, हे कान्हाभाऊंना पक्कं माहीत होतं. पत्राला उत्तर नाही, आणि दगडही असा. त्याची धूळ कशी काढायची हे त्यांना माहीत होतं. पण ते त्यांनी वाचलेलं होतं, केलेलं नव्हतं, आणि वाचलेल्यावर भरवसा ठेवून त्यांनी आयुष्यात कशालाच हात घातला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला ते सुनेला म्हणाले, "तेजश्री, याकूबभाई यायचेत रविवारी. ते दगड जरा... म्हणजे धूळ बसलीय. तसं पाण्याचं सगळ्यांनाच चालतं असं नाही, पण बघू. पुस्तकात काहीतरी आहे. तू त्रास नको घेऊस."

तेजश्री कर्जतच्या एका दवाखान्यात नर्स होती. हाताला चपळ, स्वच्छतेची भोक्ती. बाबा 'त्रास नको घेऊस' म्हणाले की ते काम करायचं असतं, हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

बुधवारी संध्याकाळी कान्हाभाऊ नदीकडे फिरून आले तर मागल्या दारी मोठा पसारा मांडलेला. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, महालक्ष्मीची पूजा मांडायची, म्हणून तांब्या, कलश, समया, ताटं, घरातलं सगळं पितळ बाहेर काढलं होतं. वाडग्यात चिंच भिजत होती. आणि लखलखीत कलशाच्या शेजारी, चिंचेच्या कोळात न्हालेला, मधाच्या रंगाचा कॅल्साइट पडला होता. बाकीचे दोन दगड, हिरवा आणि गुलाबी, एका टबात बुडालेले. तेजश्रीच्या उजव्या हातात घासणी होती. डाव्या हातात काळी वाटी होती, आणि ती टबाच्या पाण्यावर आली होती.

"ठेव तो!"

आवाज इतका मोठा निघाला की कान्हाभाऊ स्वतःच दचकले. तेजश्रीचा हात जागच्या जागी थांबला. शेजारच्या खिडकीतून संजनानं डोकं बाहेर काढलं.

"काय झालं गं तेजू? साप हाय काय?"

"नाय गं. बाबा ओरडले."

"कोण? तुझे बाबा? जा, कायतरीच!"

खिडकी बंद झाली. तेजश्रीनं काळी वाटी अलगद ओट्यावर ठेवली आणि ती सासऱ्यांकडे बघत राहिली.

"भिजला?" कान्हाभाऊंनी विचारलं.

"नाय. बुडवणारच होते. बाबा, काय चुकलं माझं?"

"टबात काय आहे?"

"मिठाचं पाणी. ते मोबाइलवर दाखवतात ना, स्फटिक मिठाच्या पाण्यात रातभर ठेवायचे, सकाळी उन्हात ठेवायचे. शुद्ध होतात म्हणे, त्यातलं वाईट निघून जातं. म्हटलं पाव्हणे येणार, चांगलं करून ठेवू."

तिचा चेहरा इतका उतरला होता की कान्हाभाऊंच्या जिभेवर नेहमीचं 'असू दे, असू दे' आलंच होतं. पण ते असं म्हणाले असते तर दगड तसेच मिठात राहिले असते. ते पायरीवर बसले.

"ऐक," ते म्हणाले. "चूक माझी, मी धड सांगितलं नाही. आता सांगतो. ते दोन मिठातून काढ. मीठ त्यांच्या फटीत शिरतं, आणि वाळताना तिथे फुगून कपचे उडवतं. साध्या पाण्यात ठेव. गार नको, गरम नको, बादलीतल्या साध्या पाण्यासारखं. तीन-चारदा पाणी बदल. घासणी नको, तुझ्याकडे लहान मुलांचा मऊ ब्रश आहे ना, तो घे. आणि ऊन नको. सावलीत, सुती फडक्यावर वाळू दे."

"आन हा पिवळा?"

कान्हाभाऊंनी कॅल्साइट उचलून साध्या पाण्याखाली धरला. चिंच निघून गेली. दगडाची एक बाजू, जी काल धुळीखालीही चमकत होती, ती आता दुधी काचेसारखी मंद झाली होती.

"पितळ चिंचेनं उजळतं," ते म्हणाले, "पण हा दगड चिंचेत विरघळतो. वरचा पापुद्रा गेला. परत यायचा नाही."

नाकाशी पदर नेऊन तेजश्रीनं पुन्हा खाली सोडला. मग एकदम म्हणाली, "बाबा, तुमी एवढं सगळं जाणता, मग कवा बोलत का नाय?"

कान्हाभाऊंनी पांढऱ्या गोळ्याकडे बोट दाखवलं. "याचं अजून राहिलंय. याला पाणी नाही, फडकं नाही, ब्रश नाही. तोंडानं फुंकरही नाही, थुंकीचा शिंतोडा उडतो. नुसती हवा, आणि तीही हळू. फोटोवाल्यांकडे रबरी फुगा असतो म्हणे."

"रबरी फुगाच लागतो ना? थांबा."

ती आत गेली आणि ब्लडप्रेशर तपासायचं यंत्र घेऊन आली. रोज सकाळी ती याच यंत्रानं सासऱ्यांचं प्रेशर बघत असे. दंडाला बांधायचा पट्टा तिनं नळीपासून सोडवला. रबरी फुगा दाबला तशी नळीच्या तोंडातून बारीक हवा आली. तिनं ती आधी स्वतःच्या गालावर घेऊन बघितली.

"चालंल?"

कान्हाभाऊंनी फुगा हातात घेतला. तो त्यांनी परत तिच्या हातात दिला.

"तू कर. मी सांगतो."

ओट्यावरचा दिवा लावून दोघं बसली. बाहेरचं रस्त्याचं काम थांबलं होतं. "जरा लांबून. वीतभर. खालून नको, तंतू उलटतील. बाजूनं." पहिल्या हवेनं काहीच झालं नाही. दुसऱ्या हवेनं राखाडी भुकटीचा एक धूर उठला आणि उजेडात तरंगत गेला. कान्हाभाऊंनी श्वास रोखून धरला होता. "आता वाटी फिरव. कातळ धर, पांढऱ्याला बोट लागू देऊ नकोस. हां. पुन्हा." आपण 'बहुधा' किंवा 'बघ बुवा' असं काही म्हणत नाही आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. तेजश्रीचा हात मात्र एकदाही हलला नाही. आजाऱ्यांच्या शिरा शोधणारा तो हात होता.

"बाबा, तुमच्यापेक्षा याचं प्रेशर बरं हाय," ती म्हणाली.

कान्हाभाऊ हसले, आणि मग पटकन तोंड बाजूला फिरवून हसले, दगडावर श्वास जाऊ नये म्हणून.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा गोळा पांढरा झाला होता. अगदी पूर्वीसारखा नाही, मुळाशी थोडी सावली राहिली होती, पण तेजश्री आणखी एकदा फुगा दाबायला गेली तेव्हा कान्हाभाऊ म्हणाले, "पुरे. आता हव्यासापायी तंतू मोडतील." तिनं लोणच्याची काचेची मोठी बरणी धुऊन, कोरडी करून त्यावर पालथी घातली. त्या रात्री कान्हाभाऊंनी पानात आलेलं गारढोण जेवण मोठ्या गोडीनं खाल्लं. या मुलीला काय आणि कसं म्हणावं, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी ते "भाकरी छान झालीय" एवढंच म्हणाले.

रविवारी बाराच्या सुमारास याकूबभाई आले. काठी आली होती, पाठ वाकली होती, आवाज तसाच होता.

"अरे, मार्गशीर्षात आलो म्हणजे माझं मटण गेलंच की रं!"

"लग्नात बिर्याणीच खायची हाय तुमाला," सफुराभाभी मागून म्हणाल्या. "इथं वालाचं बिरडं मिळंल, गप खावा."

याकूबभाई सरळ फळीपाशी गेले. बरणी उचलायला कान्हाभाऊंनी हात पुढे केला, पण तेजश्रीनंच ती उचलली. याकूबभाईंनी चष्मा वर केला, डोळे दगडापाशी नेले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. कान्हाभाऊ खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"हाय रं," याकूबभाई हळूच म्हणाले. "हाय तसाच हाय. खालापूरकडं विहिरीच्या मातीत पडला होता तवा असाच होता." मग ते वळले. "मी सगळ्यांना दगड दिले. एकानं नळाखाली धुतला, एकानं माशांच्या टाकीत ठेवला. हा एक राहिला. बरं झालं तुझ्याकडं दिला."

कान्हाभाऊंना बोलायचं होतं. तेवढ्यात तेजश्री पुढे झाली.

"चाचा, ह्या पिवळ्याला मी चिंच लावली. बाबांचा काय दोष नाय. मी पितळाबरोबर घासला त्याला."

याकूबभाईंनी कॅल्साइट हातात घेतला, मंद बाजूवरून अंगठा फिरवला आणि बायकोकडे पाहिलं. सफुराभाभींनी तोंडाला ओढणी लावली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"मागनं बघ याला," याकूबभाई म्हणाले. "बघ, बघ. ही बाजू पण आंधळीच हाय का नाय? ही हिनं केली. कोकमाचं पाणी लावून! माझ्या दुकानात नवा नवा आला होता, म्हटली चमकवून देते."

"मग सांगायचं ना मला!" सफुराभाभी म्हणाल्या. "पोरी, यांना दगडाचं सगळं माहीत, पण बायकोला एक अक्षर सांगतील तर शपथ!"

"आमच्याकडं पण तेच," तेजश्री म्हणाली, आणि दोघी हसत स्वयंपाकघरात गेल्या.

बाहेर दोन म्हातारे राहिले. याकूबभाई खुर्चीत टेकले.

"का रं, माझं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं."

"मग?"

"लिहिलं होतं उत्तर. पुष्कळदा."

"कुठंय?"

"फाडलं."

"अरे, फाडायच्या आधी पाठवायचं की!"

कान्हाभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "बरं उतरत नव्हतं. तुम्ही एवढं दिलंत, त्याला शोभेल असं काही..."

आतून सफुराभाभी ताटं घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. "भाऊ, तुमाला म्हणून सांगते. पहिलं वर्षभर हे रोज सातव्या मजल्यावरनं खाली जायचे आन पत्रांची पेटी उघडायचे. लाइटचं बिल आन जाहिराती. मी म्हणायची, फोनवर विचारा की. तर म्हणायचे, नको, कान्हाला फोनवर बोलता येत नाय, तो लिहील."

"गप गं," याकूबभाई म्हणाले.

आपण लिहिलेलं बरं की वाईट, याचाच विचार कान्हाभाऊंनी दोन वर्षं केला होता. पेटी उघडणारा हात त्यांच्या डोळ्यांपुढे एकदाही आला नव्हता. "याकूबभाई," ते म्हणाले, "मी... तुम्ही मला..." त्यांचे डोळे भरून आले.

"राहू दे," याकूबभाई म्हणाले. त्यांनी कान्हाभाऊंच्या मनगटावर हात ठेवला. "तोंडानं नाय जमायचं तुला. आता बिरडं खाऊ. पण लिही बाबा. वाकडंतिकडं लिही. पाच ओळी लिही. मी अजून जातो खाली, रोज नाय, पण जातो."

जेवणं झाली. याकूबभाईंनी बिरडं दोनदा मागून घेतलं. गाडी वळणावरून खोपोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत कान्हाभाऊ फाटकाशी उभे होते.

सोमवारी सकाळी, तेजश्री कामावर जायच्या आधी, ते कागद घेऊन बसले.

'प्रिय याकूबभाई,' त्यांनी लिहिलं, 'तुमचं पत्र मिळालं. दगड मिळाले. पांढरा गोळा बरा आहे. त्याच्यावर धूळ बसली होती, ती तेजश्रीनं ब्लडप्रेशरच्या फुग्यानं काढली. मी नुसता सांगत होतो. हात तिचा होता. हिरवा आणि गुलाबी दोन्ही साध्या पाण्यानं निघाले, सावलीत वाळवले. पिवळा आता दोन्हीकडून सारखा आहे.

'मला कुणी फार विचारत नसे. तुम्ही ओट्यावर बसून विचारायचात, आणि मी सांगितलेलं खरं धरून दगड जपायचात. त्यामुळे मला वाटू लागलं की मी वाचलेलं कुणाच्या तरी कामाचं आहे. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही दगड दिलेत त्याबद्दल आभारी आहे. त्याच्या आधीचं जे दिलंत त्याबद्दल जास्त आभारी आहे. सफुराभाभींना नमस्कार.'

खाली सही केली. पुन्हा वाचलं. दुसरा परिच्छेद जरा जास्त झाला की काय, असं वाटलं. तेजश्री दारात चपला घालत होती.

"तेजश्री," ते म्हणाले, "बुधवारी रात्री तू जे केलंस ना दगडाचं, ते मला कधीच जमलं नसतं. तुझे उपकार झाले माझ्यावर."

तेजश्री एक चप्पल पायात, एक हातात, अशी उभी राहिली. "बाबा, प्रेशर बघू का तुमचं?" ती म्हणाली. मग हसली, आणि तिचेही डोळे जरा ओले दिसले. "बसा स्कूटीवर, पोस्टापाशी सोडते."

कर्जतच्या पोस्टासमोर तिनं त्यांना उतरवलं आणि ती गेली. कान्हाभाऊंनी पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, पत्ता दोनदा तपासला. पाकीट पेटीच्या फटीत अर्धं गेलं तेव्हा त्यांच्या मनात आलं, 'आभारी' हा शब्द दोनदा आलाय, एक काढायला हवा होता. त्यांनी पाकीट मागे ओढलं नाही. बोटं सोडली. आत कागदावर कागद पडल्याचा हलका आवाज झाला.